सोसायटीच्या सोलर गरम पाण्यासाठी पंप कसा निवडायचा

आमची सोसायटी मुलुंड पूर्वेला. सात मजले, मजल्यावर तीन घरं, एकूण २१. गच्चीवर उन्हात पाणी तापवणारे २० कलेक्टर आणि २,००० लिटरची गरम पाण्याची टाकी. मी सेक्रेटरी झाले त्यानंतरच्या चौदा महिन्यांत आमचे दोन पंप गेले. पहिला सीलमधून गळायला लागला, दुसरा आतून गंजून जाम झाला. त्या काळात गच्चीवर टाकीचा थर्मामीटर ६० अंश दाखवायचा आणि दुसऱ्या मजल्यावरच्या आजींना सकाळी सातला दोन बादल्या गार पाणी सोडल्याशिवाय गरम पाणी मिळायचं नाही. दोन्ही वेळा पंप निवडला होता प्लंबरने, आणि आम्ही नुसती सही केली होती. तिसऱ्या वेळी मी स्वतः बसून हिशेब केला, माहितीपत्रकं वाचली, दोन जाणकारांना गच्चीवर नेऊन दाखवलं. तो पंप आज पाचव्या वर्षात आहे. तुमच्या कमिटीत हा विषय नव्यानेच आला असेल तर खालच्या क्रमाने जा.

१. आधी ठरवा, कुठला पंप हवा आहे

‘सोलरचा पंप’ या एका नावाखाली तीन वेगळी कामं येतात आणि बरेचसे पैसे इथेच वाया जातात.

पहिला, कलेक्टरचा पंप. हा टाकीच्या तळाचं गार पाणी कलेक्टरमधून फिरवून पुन्हा टाकीत आणतो. दुसरा, रिटर्न लाईनचा पंप. हा टाकीतलं गरम पाणी खालच्या मजल्यांपर्यंत फिरतं ठेवतो, म्हणजे नळ उघडल्यावर वाट बघावी लागत नाही. तिसरा प्रेशर पंप, शॉवरला जोर यावा म्हणून वरच्या मजल्यावरचे लोक घरात बसवतात तो. त्याचा या लेखाशी संबंध नाही, पण दुकानात ‘गरम पाण्याचा छोटा पंप’ म्हटलं की आधी तोच हातात देतात.

घरगुती १०० ते ३०० लिटरचा सोलर असेल आणि त्याची टाकी कलेक्टरच्या वर बसवलेली असेल, तर कलेक्टरसाठी पंप लागतच नाही. गरम पाणी हलकं होऊन आपणच वर चढतं, गार पाणी खाली येतं. अशा सोलरला कुणी पंप सुचवला तर कारण विचारा. मोठ्या सोसायटीत टाकी जड असते, ती कलेक्टरच्या वर उचलून बसवता येत नाही, म्हणून तिथे पंप लागतो.

आम्हाला पहिले दोन्ही हवे होते. तुमच्याकडे कदाचित फक्त रिटर्नचाच हवा असेल. गच्चीवर जाऊन पाइप बोटाने दाखवत दाखवत शोधा. वहीत साधं चित्र काढा. ते चित्र पुढे प्रत्येक पायरीला लागेल.

२. मजले मोजू नका

आमचा प्लंबर म्हणाला होता, “सात मजले आहेत ना ताई, मग अर्धा एचपी तरी लागणारच.” ऐकायला पटतं, पण इथे ते लागू नाही.

तळमजल्याच्या टाकीतून गच्चीवर पाणी चढवायचं असतं तेव्हा पंपाला पूर्ण उंची उचलावी लागते. फिरत्या लाईनमध्ये तसं नसतं. पाइप पाण्याने भरलेले असतात आणि जेवढं पाणी वर चढतं तेवढंच दुसऱ्या बाजूने खाली उतरतं. उतरणाऱ्या पाण्याचं वजन चढणाऱ्या पाण्याला तोलून धरतं. विहिरीच्या रहाटाला दोन्ही बाजूंना भरलेल्या बादल्या असाव्यात तसं. पंपाला मारामारी करायची असते ती फक्त पाइप, बेंड, व्हॉल्व्ह आणि जाळी यांच्या घर्षणाशी. सातच काय, चौदा मजले असले तरी हे ‘हेड’, म्हणजे पंपाला पार करावा लागणारा अडथळा मीटरमध्ये मोजून, बहुधा काही मीटरच निघतं.

अपवाद एकच. रात्री कलेक्टर रिकामे होऊन पाणी टाकीत परत उतरतं अशी काही ठिकाणी रचना असते. तिथे रोज सकाळी पंपाला पाणी खरोखर उचलावं लागतं. मुंबईत पाणी गोठण्याची भीती नसल्याने अशी रचना इथे क्वचितच दिसेल, पण तुमची कशी आहे ते विचारून घ्या.

मोठा पंप बसवला तर बिघडलं काय, असं कुणी विचारेल. बिघडतं. टाकीत गरम पाणी वर आणि गार पाणी खाली असे थर असतात. आपण वापरतो ते वरच्या थरातलं. अर्धा एचपीचा पंप टाकी ताकासारखी घुसळून काढतो, थर मोडतात आणि सगळं पाणी एकसारखं कोमट होतं. आमच्याकडे पहिल्या पंपाच्या काळात सकाळी अकरा वाजता हेच व्हायचं.

३. कलेक्टरच्या पंपाचा हिशेब

हा हिशेब सातवीच्या गणिताचा आहे, घाबरू नका.

आमचे २० कलेक्टर, प्रत्येकी साधारण २ चौरस मीटर, म्हणजे ४० चौरस मीटर. सपाट कलेक्टरमधून दर चौरस मीटरमागे तासाला सुमारे ५० लिटर पाणी फिरवलं तर चालतं. कामाचा पल्ला साधारण ३५ ते ७० लिटरचा. ४० गुणिले ५०, म्हणजे तासाला २,००० लिटर.

आता ताळा. भर दुपारी चांगल्या उन्हात दर चौरस मीटरमागे ६०० वॉट उष्णता पाण्यात आली असं धरा. एकूण २४ किलोवॉट, म्हणजे तासाला २४ युनिट. २,००० लिटर पाणी एक अंशाने तापवायला सुमारे २.३ युनिट उष्णता लागते. २४ भागिले २.३, म्हणजे कलेक्टरमधून एका फेरीत पाणी साधारण १० अंशांनी तापून बाहेर येईल. हे बरोबर आहे. हाच आकडा ३ आला तर पाणी उगाच जास्त फिरतंय, ३० आला तर फार हळू.

हेड काढताना पाइपाची एकूण लांबी आणि जाडी लागते. आमचा सव्वा इंची पाइप, जाऊन-येऊन ६० मीटर. बेंड, एनआरव्ही (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह), जाळी धरून आम्ही ३ मीटर हेड धरलं. तुमच्या पाइपाचं घर्षण पाइप कंपनीच्या तक्त्यात सापडतं, सोलरवाल्याकडूनही लेखी मागता येतं.

म्हणजे आमची मागणी झाली ‘तासाला २,००० लिटर, ३ मीटर हेडला’. एवढ्या कामात पाण्याला दिली जाणारी प्रत्यक्ष शक्ती जेमतेम १६ वॉट भरते. पंपाचे स्वतःचे तोटे धरले तरी १०० वॉटच्या आतला पंप पुरतो. आम्ही आधी चालवत होतो तो अर्धा एचपी, म्हणजे ३७३ वॉटचा.

४. रिटर्न लाईनचा पंप त्याहून लहान

इथे फक्त पाइपातून जाणारी उष्णता भरून काढायची असते. नळातून येणारं पाणी गुरुत्वाकर्षणाने येतं, त्याचा या पंपाशी संबंध नाही. आमची लाईन सगळी मिळून ११० मीटर. चांगलं इन्सुलेशन असेल तर मीटरमागे १० वॉट धरायचे, म्हणजे १,१०० वॉट. फेरी मारून परत येताना पाणी ५ अंशांनी थंड झालेलं चालेल असं ठरवलं, तर तासाला फक्त २०० लिटर फिरवायला हवं. सगळ्यात लहान मापाचा पंपही हे सहज करतो.

आणि आता ती गोष्ट, जी आम्हाला कुणीच सांगितली नव्हती. हा पंप दिवसरात्र चालू ठेवला तर १.१ किलोवॉट गुणिले २४, म्हणजे रोज सुमारे २६ युनिट उष्णता भिंतींना आणि हवेला जाते. २,००० लिटर पाणी २७ अंशांवरून ६० पर्यंत तापवायला लागतात सुमारे ७७ युनिट. म्हणजे दिवसभर उन्हात कमावलेल्यातला एक तृतीयांश भाग पाइपात गमावायचा! वॉचमनकाका पंप बंद करायचे नाहीत, कारण ‘बंद करा’ असं कुणी सांगितलंच नव्हतं.

म्हणून टायमर लावा. आमचा सकाळी साडेपाच ते नऊ आणि संध्याकाळी सात ते नऊ चालतो. सोबत परतीच्या पाइपावर एक थर्मोस्टॅट बसवा. पाइप ४५ अंशांना पोचला की पंप थांबतो, गार झाला की पुन्हा सुरू होतो. टाकीचं पाणी मात्र ६० अंशांच्या आसपास ठेवा. कोमट, साचलेल्या पाण्यात लिजिओनेलासारखे जंतू वाढतात, आणि टाकी ३५-४० वर ठेवून केलेली बचत नको ते दुखणं आणते.

५. पंप कशाचा बनलाय ते बघा

दुसरा पंप उघडला तेव्हा मी तिथेच उभी होते. आतून चहाच्या चोथ्यासारखा तांबूस गाळ निघाला आणि पंखा बोटाने हलेना. कारण साधं होतं. पंपाचं अंग बिडाचं होतं. बंद लाईनमध्ये, जिथे तेच ते पाणी फिरतं, तिथे बीड चालतं, कारण पाण्यातला ऑक्सिजन लवकर संपतो. आपल्याकडे रोज नवीन पाणी येतं, नवीन ऑक्सिजन येतो, आणि बीड गंजत राहतं.

दुकानात उभं राहून एवढं तपासा:

अंग ब्राँझचं किंवा स्टेनलेस स्टीलचं हवं. फक्त हीट एक्स्चेंजर (पाणी न मिसळता उष्णता पोचवणारा भाग) असलेल्या बंद लाईनला बीड चालेल.

पाण्याच्या तापमानाची मर्यादा पाटीवर किंवा माहितीपत्रकात लिहिलेली असते. कलेक्टरसाठी ११० अंशांचा घ्या. ‘गरम पाण्याला चालतो’ हे तोंडी उत्तर घेऊ नका.

शक्यतो वेट रोटर प्रकारचा घ्या. त्यात मोटरचा फिरणारा भाग पाण्यातच असतो, त्यामुळे शाफ्टला सील नसतं आणि गळायला जागा नसते. आवाजही नाही. आमचा पहिला पंप साधा मोनोब्लॉक होता, त्याचं सील थंड पाण्यासाठी बनवलेलं. गरम पाण्यात ते कडक होऊन चिरलं.

आयपी नंबर. दोन आकडे असतात, पहिला धुळीचा, दुसरा पाण्याचा. बरेच फिरते पंप आयपी ४४ चे असतात, म्हणजे शिंतोडे सोसतील, मुंबईचा आडवा पाऊस नाही. आयपी कितीही असो, वर पत्र्याची किंवा फायबरची छत्री कराच. बाजू उघड्या ठेवा, मोटरला हवा लागते. समुद्राजवळ राहत असाल तर नटबोल्टही स्टेनलेसचे घ्या, खारी हवा ते आधी खाते.

तुमचं पाणी कुठलं, तेही लक्षात घ्या. महापालिकेचं पाणी तानसा, भातसा, वैतरणा अशा तलावांचं, त्यात क्षार कमी. बोअर किंवा टँकरचं पाणी मिसळत असाल तर क्षार गरम जागी आधी धरतात, कलेक्टरमध्ये आणि पंपाच्या पोटात. असं पाणी सोलरला जोडू नका. जोडणं भागच असेल तर आधी सॉफ्टनर बसवा.

६. पाटी आणि आलेख वाचायला शिका

वेट रोटर पंपाच्या नावात बहुतेक वेळा माप दडलेलं असतं. ‘२५-६०’ किंवा ‘२५/६’ असं दिसेल. २५ म्हणजे पाइप जोडणीचं माप मिलिमीटरमध्ये, ६० किंवा ६ म्हणजे जास्तीत जास्त हेड ६ मीटर. पुढे १८० असेल तर ती पंपाची लांबी, एका तोंडापासून दुसऱ्या तोंडापर्यंत १८० मिलिमीटर. १३० चाही येतो. जुना काढून नवा बसवताना हा आकडा चुकला तर पाइप कापावा लागतो.

मोठा सापळा इथे आहे. पाटीवरचं जास्तीत जास्त हेड आणि जास्तीत जास्त पाणी एकाच वेळी मिळत नाही. ६ मीटर हेड असतं तेव्हा पाणी शून्य, आणि सगळ्यात जास्त पाणी असतं तेव्हा हेड शून्य. मधली गोष्ट आलेख सांगतो. आडव्या अक्षावर तुमचे २,००० लिटर, उभ्यावर ३ मीटर, दोन्ही रेघा जिथे भेटतात तो बिंदू पंपाच्या रेषेखाली, पण तिच्या जवळ आणि रेषेच्या मधल्या भागात यायला हवा. तीन गतींचा पंप असेल तर तो मधल्या गतीवर बसेल असा निवडा, वर-खाली करायला वाव राहतो.

आलेख देऊ न शकणाऱ्या विक्रेत्याकडून मी तरी घेणार नाही, किंमत कितीही कमी असली तरी.

इलेक्ट्रॉनिक मोटरचे, कमी विजेचे पंपही मिळतात. त्यांच्या पाटीवर ईईआय (वीज किती कमी लागते याचा निर्देशांक) ०.२३ किंवा त्याहून कमी असा आकडा असतो. वीज खूपच कमी घेतात. पण त्यांच्यातलं सर्किट व्होल्टेजच्या चढउताराला आणि दमट हवेला नाजूक. तुमच्या गच्चीवर नीट बंदिस्त जागा असेल तर जरूर घ्या. आमच्याकडे ती नव्हती, म्हणून आम्ही साधा तीन गतींचा घेतला.

७. बसवायची जागा

चांगला पंप चुकीच्या जागी लावला तर महिन्याभरात वाईट ठरतो.

कलेक्टरचा पंप टाकीच्या तळातून निघून कलेक्टरकडे जाणाऱ्या गार पाइपावर हवा. गरम बाजूला लावला तर आधीच तापलेलं पाणी पंपाच्या तोंडाशी वाफेचे बुडबुडे धरतं, आत खडे वाजल्यासारखा आवाज येतो आणि पंखा झिजतो. गच्चीवर हा धोका जास्त, कारण गार पाण्याची वरची टाकी जेमतेम तीन-चार मीटर उंच असते आणि पाण्याचा दाब अगदी कमी मिळतो. म्हणून पंप टाकीच्या तळाहून खाली ठेवा.

वेट रोटरचा शाफ्ट आडवाच हवा. पाइप उभा असो की आडवा, मोटर कधीही आकाशाकडे किंवा जमिनीकडे तोंड करून नको, नाहीतर बेअरिंगला पाण्याचं वंगण मिळत नाही. वायरिंगची पेटी पंपाच्या खालच्या अंगाला येऊ देऊ नका.

पंपाच्या दोन्ही बाजूंना युनियन (खोलता येणारा जोड) आणि बॉल व्हॉल्व्ह, आधी जाळी, पुढे एनआरव्ही. लाईनच्या सर्वांत उंच टोकाला एअर व्हेंट. हवा अडकली की पंप फिरतो पण पाणी हलत नाही, आणि दोष पंपाला लागतो. रिटर्नचा पंप टाकीत शिरण्याआधी, गच्चीवरच ठेवा. तळमजल्यावर दाब चांगला मिळतो हे खरं, पण जिथे पावसाळ्यात पाणी साचतं तिथे तो विचारही नको.

८. वायरिंग आणि कंट्रोलर

कलेक्टरच्या पंपाला टायमर नको, तापमानाच्या फरकावर चालणारा कंट्रोलर हवा. एक सेन्सर शेवटच्या कलेक्टरच्या तोंडाशी, दुसरा टाकीच्या तळाशी. फरक ८ अंश झाला की पंप सुरू, ३-४ अंशांवर आला की बंद. सेन्सर पाइपावर नुसता बांधून वर इन्सुलेशन केलं नाही, तर तो पाण्याचं नाही, उन्हाचं तापमान वाचतो.

स्वतंत्र एमसीबी, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) आणि पक्कं अर्थिंग. ओल्या गच्चीवर लोक वाळवणं घालायला येतात, मुलं खेळतात. यात एक रुपयाही वाचवू नका.

९. खरेदी आणि कागद

कमिटीचा ठराव आधी करून घ्या. किमान तीन कोटेशन मागवा, पण तिन्ही विक्रेत्यांना तोच कागद द्या: किती लिटर, किती हेड, पाण्याचं तापमान, अंगाचा धातू. नाहीतर एक जण बिडाचा भाव देतो, दुसरा ब्राँझचा, आणि सभेत स्वस्त कोटेशन पास होतं. आमचं नेमकं तसंच झालं होतं.

मुंबईत नागदेवी स्ट्रीटच्या बाजारात एक फेरी मारा, पंप हातात घेऊन बघता येतात. घ्यायचा मात्र अधिकृत विक्रेत्याकडूनच. खोक्यावरचा आणि पंपावरच्या पाटीचा सीरियल नंबर जुळतो का बघा.

फाईलमध्ये ठेवायचं: सीरियल नंबर लिहिलेलं जीएसटी बिल, तारीख टाकून शिक्का मारलेलं वॉरंटी कार्ड, पंपाचा आलेख, बसवण्याची पुस्तिका, कमिटीचा ठराव, वायरिंगचं चित्र आणि बसवल्यावर काढलेले चार फोटो. वॉरंटीसाठी गेलं की ‘कसा बसवला होता’ हा पहिला प्रश्न येतो, तेव्हा फोटो बोलतात. सुटी मोटर मुंबईत किती दिवसांत मिळते तेही लेखी घ्या.

१०. चालू करायचा दिवस आणि त्यानंतर

सकाळी लवकर करा. तुमचे कलेक्टर काचेच्या नळ्यांचे असतील, तर भर उन्हात तापलेल्या रिकाम्या नळ्यांत गार पाणी सोडल्यावर त्या तडकतात. आधी लाईन पूर्ण भरा, हवा काढा, मगच स्विच. कोरडा पंप मिनिटभरही चालवायचा नाही. दुपारी लाईट जाऊन आली आणि कलेक्टर वाफाळलेले असतील, तर संध्याकाळपर्यंत थांबा.

पावसाळ्यात ढग असले की कलेक्टरचा पंप दिवसेंदिवस बंद राहतो आणि जाम होतो. आठवड्यातून एकदा पाच मिनिटं हाताने चालवा. तरीही जाम झालाच, तर मोटर भरायला देऊ नका. वीज बंद करा, दोन्ही व्हॉल्व्ह बंद करा, समोरचा पितळी स्क्रू हळूच काढा. थोडं पाणी येईल, गरम असू शकतं, हात सांभाळा. आत शाफ्टच्या टोकाला खाच दिसते. स्क्रूड्रायव्हर लावून दोन-चार वेळा इकडे-तिकडे फिरवा. बहुतेक वेळा तो मोकळा होतो.

पहिल्या आठवड्यात एक तपासणी न विसरता करा. रात्री दहाला गच्चीवर जा, पंप बंद असताना टाकीकडून कलेक्टरकडे जाणाऱ्या पाइपांना हात लावा, कलेक्टरच्या काचेलाही लावा. सगळं गार लागायला हवं. काच कोमट लागली तर एनआरव्ही धरत नाही आणि टाकीतलं गरम पाणी रात्रभर उलटं फिरून आकाशाला ऊब देतंय. आमच्याकडे तिसऱ्या रात्री काच कोमट लागली होती. एनआरव्ही उघडला, आत टेफ्लॉन टेपचा एक तुकडा अडकलेला निघाला. तो काढला, आणि दुसऱ्या दिवशी आजींनी सकाळी सव्वासातला इंटरकॉमवरून सांगितलं, पहिल्याच तांब्यात पाणी गरम आलं.